भिंत वाजली की चहा

१

दुपारी चारच्या सुमारास आमची भिंत वाजायची. दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या मागून, विटांच्या आतून, दोन सावकाश ठोके आणि तिसरा जरा घाईचा. मग मी हातातलं शब्दकोडं खाली ठेवायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि शेजारी चहाला जायचे. हे इतकं रोजचं झालं होतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

माझं घर इंग्लंडात, मॉल्व्हर्नच्या टेकडीच्या उतारावर आहे. घर म्हणजे अर्धंच. हॅदर्ली व्हिला या नावाची ही जोडी बांधणाऱ्याने दोन बेताच्या कुटुंबांना एकाच भिंतीला पाठ लावून बसवलं आणि समोरून मात्र एखाद्या सरदाराच्या बंगल्याचं सोंग उभं केलं. दोन्ही घरांची दारं दोन टोकांना, बाजूच्या भिंतीत लपवलेली. मधोमध त्रिकोणी माथा, त्यावर दगडात कोरलेलं नाव. हद्द त्या नावाच्या बरोबर मधून जाते, त्यामुळे पहिली अक्षरं माझी आणि उरलेली शेजारच्या मिस्टर लिडियटांची. माथ्याखाली एक उंच कमानदार खिडकी आहे. ती खिडकी नाहीच. विटांवर काळा रंग फासून त्यावर पांढऱ्या पट्ट्या ओढल्यात, बंगला मधूनच आंधळा दिसू नये म्हणून. तीही अर्धी माझी आणि अर्धी त्यांची. रंग कुणी लावायचा यावर दर वसंतात आमचा फार सभ्य वाद व्हायचा, आणि शेवटी दोघेही आपापली अर्धी बाजू वेगवेगळ्या दिवशी रंगवायचो.

आतून दोन्ही घरं आरशात पाहिल्यासारखी उलटसुलट आहेत. माझा जिना डावीकडे, त्यांचा उजवीकडे. त्यांच्याकडे दिव्याचं बटण शोधताना मी हमखास भलत्याच भिंतीवर हात मारायचे आणि त्यांचा हवामान दाखवणारा बॅरोमीटर खिळ्यावर हलायचा.

घर मी मिस पर्स्लो नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडून घेतलं. किल्ली देताना त्या म्हणाल्या होत्या, "छप्पर चांगलंय, तळघरात ओल आहे, आणि भिंत वाजली की चहा. इथली रीतच आहे ती."

मी म्हटलं, छान रीत आहे.

२

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी, हेस्टर ट्रबशॉ, पस्तीसेक वर्षं मुलींना हॉकी शिकवली. आवाज मोठा, पाय मजबूत, कल्पनाशक्ती बेताची. लग्न राहून गेलं. अमुक एका माणसाने नकार दिला वगैरे काही नाही, सामने आणि सराव यांत ते राहूनच गेलं. पण एक गोष्ट मला कधीच जमली नाही. मैदानाबाहेर कुणाला स्वतःहून 'या ना' म्हणणं. मोठ्या आवाजाच्या माणसांनाही लाज असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून ती भिंत मला फार सोयीची वाटायची. आमंत्रण शेजारून यायचं, मी फक्त जायचे. आपल्या वाटेने फाटकापर्यंत उतरायचं, रस्त्यावरून पलीकडच्या फाटकाशी जायचं, त्यांच्या वाटेने पुन्हा चढायचं. दोन दारं एकमेकांपासून जितकी लांब नेता येतील तितकी नेली आहेत त्या बांधणाऱ्याने. मिस्टर अँब्रोज लिडियट दार उघडून म्हणायचे, "या, या, वाटच पाहत होतो." किटली उकळत असायची.

ते निवृत्त दंतवैद्य, विधुर, उंच आणि किंचित वाकलेले. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावल्यामुळे असेल, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ते थांबायचे. अशी सवय मी दुसऱ्या कुठल्याच पुरुषात पाहिली नाही.

कधीकधी उलटं व्हायचं. चारला माझ्या दाराची घंटा वाजायची आणि ते दारात, टोपी हातात. मी काही बोलावलेलं नसायचं. मला वाटायचं, बिचारा एकटा आहे, काहीतरी निमित्त काढून येतो. मग मीही म्हणायचे, "या, या." भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती घरोघरची मालकीण आहे.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. त्या एप्रिलमध्ये, आल्याच्या केकचा दुसरा तुकडा संपवून, मिस्टर लिडियट म्हणाले, "मिस ट्रबशॉ, माझे गुडघे आता फार दिवस हा उतार चढू देणार नाहीत. आपण लग्न करायचं का?"

मी म्हटलं, "गुडघ्यांसाठी?"

"नाही," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. "गुडघे हे मी निमित्त काढलं."

मला इतका आनंद झाला की मी मैदानावरच्या आवाजात हो म्हटलं. बॅरोमीटरसुद्धा हलला असेल.

३

घोळ त्याच दिवशी बाहेर आला. शेरीची बाटली उघडली होती आणि आम्ही दोघंही जरा सैल झालो होतो.

"खरं सांगू, हेस्टर?" ते म्हणाले. आता नावाने हाक मारायची असं नुकतंच ठरलं होतं. "तुम्ही पहिल्यांदा भिंत वाजवलीत ना, तेव्हा मी घाबरलो होतो. म्हटलं, ही हॉकीवाली बाई, चहाला गेलो नाही तर ओढून नेईल."

"पहिल्यांदा तुम्ही वाजवलीत, अँब्रोज."

"छे. मी कशाला वाजवीन? माझी हिंमतच नव्हती."

"अहो, मी तुमच्याकडे यायचे ती तुम्ही वाजवायचात म्हणूनच ना?"

"आणि मी तुमच्याकडे यायचो तो?"

मी हसले. तेही हसले. मग आमच्यातलं कोण आधी हसायचं थांबलं ते आता आठवत नाही.

"मी एकदाही वाजवलेली नाही," मी म्हटलं. "ठोकायला निखारे हलवायची सळईच नाही माझ्याकडे. गॅस बसवला तेव्हाच भंगारात दिली."

"माझी टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून लावलीय," ते हळूच म्हणाले. "गेली सात-आठ वर्षं."

"मग मी दारात आले की 'वाटच पाहत होतो' असं का म्हणायचात?"

"दारात बाई उभी असताना 'का आलात?' असं विचारायचं?" त्यांना खरोखरच धक्का बसला होता. "तुम्ही तरी मला कधी विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं दोन शहाणी माणसं एकमेकांना चहा पाजत होती, आणि बोलावलं कुणी, हे विचारणं दोघांनाही असभ्य वाटत होतं.

खोली तीच होती. शेकोटीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. आम्ही दोघांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं आणि एकाच वेळी नजर वळवली, कारण तसं टक लावून पाहणं बरं दिसलं नसतं.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारणं मोजायला बसले. धुराड्यात कावळे घरटं करतात. विटा उन्हाने फुगतात आणि दुपारी आखडतात. पाण्याचे नळ ठोकल्यासारखे वाजतात, शाळेतले तर ढोलासारखे वाजायचे. यातलं कुठलंही कारण पुरेसं होतं. फक्त नळ कधी माझ्याकडे आणि कधी त्यांच्याकडे, पण कधीही एकाच दिवशी दोघांकडे नाही, असे का वाजतील, एवढंच माझ्या गणितात बसत नव्हतं.

अँब्रोज चहाचा चमचा घेऊन आले. दाताला टिचकी मारून आत काय आहे ते त्यांना कळतं, तसं त्यांनी चमच्याच्या दांड्याने शेकोटीच्या बाजूची भिंत ठोकून पाहिली. कान लावून, हात-हात पुढे सरकत. एका जागी थांबले. पुन्हा ठोकलं.

"पोकळ आहे?" मी विचारलं.

"पोकळ असती तर बरं झालं असतं." त्यांनी चमचा खिशात ठेवला. "पोकळीचा आवाज मला चांगला कळतो. इथे पलीकडून कुणीतरी हात टेकून उभं असल्यासारखा आवाज येतो."

आम्ही चहा प्यायलो. भिंत त्या दिवशी वाजली नाही, नंतरही कित्येक दिवस वाजली नाही. आणि मला, खरं सांगायचं तर, भीतीपेक्षा दुसरंच काही टोचत होतं. एका पावसाळी दुपारी मी ते बोलून टाकलं.

"अँब्रोज, म्हणजे तुम्ही मला कधी बोलावलंच नव्हतं."

ते नेहमीप्रमाणे माझं बोलणं संपेपर्यंत थांबले.

"मला वाटायचं, या जगात कुणीतरी रोज चारला माझी आठवण काढतं," मी म्हटलं. माझा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "त्या आठवणीवर मी हो म्हटलं. आणि आता कळतंय, आठवण काढणारे तुम्ही नव्हतातच."

"मी ठोकलं नाही, हे खरं," ते म्हणाले. "पण तू कधी विचार केलास का, तू दारात यायचीस तेव्हा किटली उकळत कशी असायची? मी साडेतीनलाच ठेवायचो. रोज. ज्या दिवशी तू यायची नाहीस त्या दिवशी पाणी आटून जायचं. दोन किटल्या जाळल्यात मी."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मग मीही त्याला तेच म्हणायला लागले. किटलीचं मला कधीच कळलं नसतं, जर ती भिंत नसती. भिंतीचा राग काही मला आला नाही. पण त्या दिवसापासून मी शेकोटीकडे पाठ करून बसायचं सोडलं.

५

भिंतीत दार करायचं हे लग्नाबरोबरच ठरलं होतं. अँब्रोजच्या गुडघ्यांना हिवाळ्यात तो उतार झेपला नसता, आणि अर्धंअर्धं राहायला आम्ही काही नवशिके प्रेमिक नव्हतो. दर्शनी भागाला हात लावायचा नाही या अटीवर गावच्या कौन्सिलने परवानगी दिली. हॉबडे नावाचा गवंडी आला. तो काम कमी आणि गप्पा जास्त करायचा, आणि चहात साखर इतकी घालायचा की चमचा उभा राहावा.

"एकच भिंत नाहीये बरं का ही, मिस," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "दोन आहेत. मध्ये फट. जुने लोक असं करायचे, शेजाऱ्याचं भांडण ऐकू येऊ नये म्हणून."

माझ्या बाजूच्या विटा निघाल्या तेव्हा मी टॉर्च घेऊन पुढे झाले. फट हाताचा पंजा उभा मावेल एवढीच होती. आत जाळी, धूळ, एखादा मेलेला पक्षी असेल अशी माझी तयारी होती. तसलं काहीच नव्हतं. फट स्वच्छ होती. आतल्या दोन्ही बाजूंना भिंतीचा कागद लावलेला होता. बारीक निळी फुलं, कडा नीट जुळवलेल्या. वरच्या अंगाला तो उन्हाने विटला होता आणि विटलेल्या भागात एक गडद चौकोन राहिला होता. तसबीर बरीच वर्षं टांगलेली असली की भिंतीवर असा चौकोन राहतो.

मी हात आत घातला. ऊब होती. माणसं नुकतीच उठून गेलेल्या खोलीत असते तशी.

"गवंड्यांची मस्करी," हॉबडे म्हणाला. "आमच्या धंद्यात चालतं असलं. माझ्या आज्याने एका पाद्र्याच्या भिंतीत जुना बूट चिणला होता."

"मस्करीसाठी कुणी कडा जुळवतं का? आणि ऊन कुठून आलं?"

त्याने वर पाहिलं. फट सरळ वर जात होती, त्या रंगवलेल्या खिडकीच्या मागपर्यंत. तिथे अर्थातच विटा होत्या. "ऊन कशाला हवं," तो म्हणाला, "जुना कागद आपोआपच विटतो." पण त्या दिवशी त्याने दुसरा कप चहा मागितला नाही.

मी घाबरले. पलीकडच्या घरात जाऊन अँब्रोजला म्हटलं, "दार राहू दे. भिंत पुन्हा बांधून घेऊ."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कागदाबद्दल मी अजून सांगितलंच नव्हतं. त्याने टोपी उचलली, पुन्हा ठेवली, आपल्याच घरात टोपी घेऊन कुठे जायचं हे त्याला सुचेना. "समजलं मला," तो म्हणाला. "या वयात असा विचार बदलू शकतो. मी काही मनाला लावून घेणार नाही."

म्हणजे मनाला लागलंच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की आत्ता गप्प राहिले तर हा माणूस भिडेखातर मला सोडून देईल, मी भिडेखातर जाऊ देईन, आणि दोघेही मरेपर्यंत फार चांगले शेजारी राहू.

"तुझ्याबद्दल नाही बोलत मी, वेड्या," मी म्हटलं. "भिंतीत कुणीतरी राहतंय असं मला वाटतं. मला भीती वाटते. आणि तू मला हवा आहेस. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता काय करायचं ते तू सांग."

त्याने टोपी खुंटीला लावली. "कुणी राहत असेल," तो म्हणाला, "तर त्याच्या घरात दार नाही, हे किती वाईट."

मी परत जाऊन हॉबडेला काम पुढे चालू करायला सांगितलं.

६

लग्न सप्टेंबरात झालं. माझ्या जुन्या विद्यार्थिनी, आता चांगल्या मुलंबाळं असलेल्या बायका, चर्चच्या दारात हॉकीच्या काठ्यांची कमान धरून उभ्या होत्या. त्या कमानीखालून जाताना अँब्रोजला वाकायची गरज नव्हती, तो मुळातच वाकलेला. कुणीतरी मागून ओरडलं, "मिस, ऑफसाइड!" आणि पाद्रीसुद्धा हसले.

मेजवानी दोन्ही घरांत होती. लोक माझ्या दारातून शिरायचे, नव्या दारातून पलीकडे जायचे आणि तिकडच्या आरशातल्या घरात जिना भलतीकडे पाहून गोंधळायचे. हॉबडेही आला होता, नवा कोट घालून. थंड मांसाचे काप, सॅल्मन मासा, तीन मजली केक, आणि दुपारभर पियानो. मी इतकी हसले की दुसऱ्या दिवशी बरगड्या दुखल्या. त्या नव्या दारातून आरपार येणारं ऊन पाहताना मला वाटलं, हे घर पहिल्यांदाच एक झालं. बांधणाऱ्याने समोरून जे खोटं सांगितलं होतं ते आम्ही आतून खरं केलं. सगळी भीती मला मूर्खपणाची वाटली.

दाराजवळ मात्र कुणी रेंगाळत नव्हतं. नाचताना, बोलताना, ताटली घेऊन जाताना लोक तिथे थोडं अंग चोरून जायचे, तोंडातल्या तोंडात 'माफ करा' म्हणायचे. समोरून कुणी येत असलं की आपण म्हणतो ना, तसं. समोरून कुणी येत नव्हतं. मी दोनतीनदा पाहिलं आणि मग पाहायचं सोडलं, कारण आपल्याच लग्नात पाहुण्यांवर पाळत ठेवणं शोभत नाही.

७

सोमवारी आम्ही दोघं पहिल्यांदाच आपल्या घरी चहाला बसलो. माझा दिवाणखाना, त्याच्या कपबशा. नवं दार सताड उघडं, पलीकडे त्याची खोली, त्याची खुर्ची, खिडकीत झळझळीत ऊन. मी स्कोनच्या छोट्या पावाला लोणी लावत होते. अँब्रोजचे दोन्ही हात कपाभोवती होते.

भिंत वाजली. दोन सावकाश, तिसरा जरा घाईचा.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मी त्याच्या. आता 'तूच वाजवलीस' म्हणायची सोय उरली नव्हती.

"तुझ्यासाठी आहे," तो कुजबुजला.

"नाही, तुझ्यासाठी असेल."

आणि मग मला कळलं, इतकं सोपं की स्वतःचीच कीव आली. भिंतीतलं ते जे कोण होतं, ते आम्हाला एकमेकांकडे बोलावत नव्हतं. ते स्वतःकडे बोलावत होतं. भिंत वाजली की चहा, असं मिस पर्स्लो म्हणाल्या होत्या, पण कुणाकडे ते त्या बोलल्याच नव्हत्या. आणि आम्ही, रोज, आमंत्रण ऐकून उठायचो, उतार उतरून भलत्याच घरी जायचो, आणि तिथे केक खायचो. मधल्या घरात कुणीतरी मांडामांड करून बसलेलं असेल. अकरा वर्षं. आमच्या आधी पर्स्लो, त्यांच्या आधी कोण जाणे कोण. एकदाही कुणी गेलं नाही, आणि कुणी 'या' असंही म्हटलं नाही.

अँब्रोजने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला.

"त्या फटीत आपण मावणार नाही," तो म्हणाला.

"मग इकडेच बोलवायला हवं."

आयुष्यभर मला जे जमलं नव्हतं ते मी केलं. भिंतीकडे तोंड करून, घोगऱ्या आवाजात का होईना, म्हटलं, "या ना. आमच्याकडेच या. चहा गरम आहे."

काही झालं नाही. घड्याळ टिकटिकलं. बाहेर रस्त्यावरून सायकल गेली. मग नव्या दाराच्या चौकटीत, बरोबर भिंतीच्या जाडीत, पाय पुसल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरा. सावकाश, नीट, चांगल्या घरच्या माणसाने पुसावेत तसे. तिथे पायपुसणं नव्हतं. ते आम्हाला अजून विकत आणायचं होतं.

मी चौकटीकडे पाहिलं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी निळं, अगदी अरुंद, आत वळल्यासारखं दिसलं एवढंच. अँब्रोजने तिसरी खुर्ची ओढली आणि तो उठून उभा राहिला, बाई खोलीत आली की तो उभा राहतो तसा. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. मीही हसत होते असं त्याने नंतर सांगितलं.

मी तिसरा कप पुढे ओढला. कुणालाही विचारते तेच विचारलं.

"दूध आधी घालू, की नंतर?"

आणि मी पुढे धरलेला दुधाचा जग कुणीतरी माझ्या हातातून हलकेच काढून घेतला.